चेकआउट बाराचं, दार वाजलं सव्वासहाला

अधिवेशन आटोपून काल रात्री हिंगोलीला पोचलो. मोर्चे, लक्षवेधी, सभात्याग हे सगळं तुम्ही वाचलंच असेल. हे त्यात न आलेलं आहे.

नागपुरात सीताबर्डीतल्या एका लॉजवर उतरलो होतो. नाव लिहीत नाही, कारण पुढे येईल. अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात खोली मिळवणं हे स्वतंत्र आंदोलन आहे. एरवी हजार-बाराशेची खोली त्या आठवड्यात अडीच हजारांना. आमदारांना आमदार निवास, मोठ्या चॅनेलवाल्यांना कंपनीचं हॉटेल, आमच्यासारख्यांना स्वतःचा खिसा. पेपर जो भत्ता देतो त्यात तर्री-पोहे भागतात, एवढंच.

शेवटच्या रात्री आशांच्या मोर्चाची बातमी पाठवली. दिवसभर यशवंत स्टेडियमपासून त्यांच्यासोबत चाललो होतो. शासन ज्यांना कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं, पगार देत नाही, मोबदला देतं, त्या बायका. मनापासून लिहिलं. मग पेज लावणाऱ्याचे फोन, फोटोची अदलाबदल. आडवा झालो तेव्हा दोन वाजून गेले होते. एसटी दुपारी दीडची आणि काउंटरवर काचेखाली पाटी, 'चेक आउट दुपारी १२ वाजता'. म्हटलं, दहापर्यंत ताणून देऊ.

सव्वासहाला दार वाजलं. "साहेब, गरम पाणी आठपर्यंतच आहे जी."

बरं. पुन्हा डोळा लागला. सातला परत, "साहेब, रूम कधी खाली करून राहिले?" बाराला, म्हणून ओरडलो. पावणेआठला इंटरकॉम. उचलला तर पलीकडून फक्त "चेकआउट आहे ना आज?" आणि आठ वाजून गेल्यावर कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. आतून कडी होती म्हणून बरं, नाहीतर बनियनवर पंचनामा झाला असता.

दार उघडलं. समोर पन्नाशीची बाई, हातात बादली, खांद्यावर चादरींचा ढीग. मी जे बोललो त्यातलं एकच वाक्य इथे लिहितो, तेवढं पुरे आहे. "खाली पाटी आहे, वाचता येतं का तुम्हाला?"

ती म्हणाली, "येते साहेब. पण ते माह्या हातात नाही."

खाली जाऊन मॅनेजरला धरलं. पोरगाच होता, पंचविशीचा, त्याचेही डोळे जागरणाने लाल. त्याने काही न बोलता सोफ्याकडे बोट केलं. पहाटेच्या गाडीने आलेलं एक शिष्टमंडळ बॅगा मांडीवर घेऊन बसलं होतं. माझी २०४ त्यांना नऊ वाजता द्यायची ठरली होती, पूर्ण दिवसाचं भाडं घेऊन. म्हणजे नऊ ते बारा हे तीन तास मालकाने दोघांना विकले होते. "आम्ही कुठं काढलं तुम्हाला साहेब, फक्त विचारलं," तो म्हणाला. कायद्याच्या भाषेत त्याचं अगदी बरोबर होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मोबाइल काढलाही होता. मग वाटलं, तक्रारीवर मालक विचारणार, दार कोणी वाजवलं?

वर आलो तर मावशी जिन्यावर अभ्रे बदलत होत्या. आता मी पत्रकार झालो होतो, म्हणजे प्रश्न विचारायला लागलो. त्या कामठीहून पहिल्या बसने येतात. सहाला हजेरी, सुटी काम संपेल तेव्हा. बावीस खोल्या, बाया दोन. पण खोलीत माणूस असतानाच कशाला घुसता, विचारलं. "टॉवेल मोजायचा असते. पाहुणा गेल्यावर कमी निघाला तर आमच्या पगारातून कटते. तुम्ही असतानाच दिसला म्हणजे बरं."

एवढंच होतं ते. मी आठ वेळा लॉजवर राहिलो असेन तर आठही वेळा या दार वाजवण्यावर चिडलो आहे, आणि एकदाही टॉवेल डोक्यात आला नाही.

आता जरा कागदावरचं. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, त्यावर काम घेतलं तर दुप्पट दर, असं मुळात लिहिलेलं होतं. दहा आणि त्याहून जास्त कामगार असतील तिथे तो लागू होत होता. लॉजसुद्धा आस्थापनाच. मी मोजले, वॉचमन धरून तेरा माणसं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हीच मर्यादा वीस कामगारांवर आणि नऊ तास दहावर न्यायला मंजुरी दिली. बातमी आमच्याकडे एका कॉलमात होती. शीर्षकात 'उद्योगांना दिलासा'. ते शीर्षक माझं. प्रेसनोट वाचताना तेरा माणसांचं लॉज डोळ्यासमोर आलं नव्हतं, कारखानाच आला होता.

मावशींना हे सांगितलं का? अर्धंमुर्धं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब, २०४ कधी देता ते सांगा ना जी."

साडेनऊला खोली सोडली. मावशी तोवर तिसऱ्या मजल्यावर गेल्या होत्या, माफी मागायची राहिली. दोन्ही टॉवेल घडी करून काउंटरवर ठेवले आणि त्या पोराकडून रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. २०४, टॉवेल दोन, मिळाले. खाली त्याची सही.