पळणारे आणि वाट पाहणाऱ्या
गेल्या वर्षी ‘हे’ सातारा हिल हाफ मॅरेथॉनला धावले. मीही बरोबर गेले. २०१२ साली सुरू झालेली ही २१ किलोमीटरची दौड यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा साताऱ्यात उतरते. धावणाऱ्याला फीमध्ये टी-शर्ट, पदक, नाश्ता. आणि मैत्रिणींनो, आपण? पहाटेपासून रस्त्याकडेला पिशव्या सांभाळत उभ्या!

वाटलं, संयोजकांनी वेगळे पैसे घेऊन घरच्यांसाठी मुक्काम, न्याहारी, फुललेल्या कास पठाराची सहल आणि निघताना कंदी पेढ्यांचा पुडा असं जोडून दिलं तर? मी आनंदानं भरीन. त्यांची मिळकत वाढेल, चार स्थानिक बायकांना काम मिळेल. मुख्य म्हणजे प्रवेश-फी न वाढल्यानं गावातली गरीब पोरंही धावतील. पाणी आणि रुग्णवाहिका मात्र सगळ्यांना सारखीच हवी. ती काही विकायची वस्तू नव्हे.