सर, बॉडी कैसी बनाना?

आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. बी.एड.ला असताना आमच्या मनावर बिंबवले गेले होते, की मुलाच्या मनातला प्रश्न बाहेर काढणे हे शिक्षकाचे पहिले काम. म्हणून एकदा आम्ही बुटाच्या रिकाम्या खोक्याला फट पाडली आणि तो वर्गात ठेवला. नाव लिहायचे नाही, मनात असेल ते विचारायचे. आम्हाला वाटले, मुले तारे, ग्रह, वीज असले काही विचारतील. आठवड्याने खोका उघडला. अठ्ठावीस चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या एकोणीस एकाच विषयावरच्या! लिपी उर्दू, बोली आमची दखनी. ‘सर, बॉडी कैसी बनाना?’ ‘कित्ते दिन में बनती?’ ‘पावडर कौनसा अच्छा?’ ‘वजन उठाये तो हाइट रुकती क्या?’ ‘रमजान में करना या नक्को?’

आणि आठ घड्या घातलेली एक चिठ्ठी. ‘मैं दुबला हूँ. मुहल्ले के पोट्टे मारते. कुछ बताओ.’

शिक्षक खोलीत आम्ही चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. सारे हसले. अभ्यासात लक्ष नाही, दुसरे काय, असे कोणी म्हणाले. उर्दू शिकवणारे वयस्कर मौलवीसाहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, “जवाब तो देना पड़ेगा सर. हम नहीं दिए तो कोई और देगा.”

त्यांचे हे बोलणे आम्हाला लागले. कारण आम्हालाही एकदा ‘कोई और’नेच उत्तर दिले होते.

बी.एड.च्या वर्षी आम्ही हडकुळे होतो. वर्गावर पाठ घ्यायला उभे राहिलो की मागच्या बाकांवरून हसू ऐकू यायचे. आम्ही एका जिममध्ये नाव घातले. महिनाभराने आरशात फरक दिसेना, तेव्हा तिथल्या एकाने कागदाच्या पुडीतून गोळ्या दिल्या. ताकदीच्या आहेत म्हणाला. आमचे अब्बा यंत्रमागावर जादा पाळी करून आम्हाला फीचे पैसे देत. त्यातलेच काही त्या पुड्यांत गेले. दोन महिन्यांत गाल भरले, वजन वाढले. लोक म्हणू लागले, सर, तब्येत बनी! आम्ही खूश. मग डोके दुखू लागले. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, तो १५०/१०० निघाला. गोळ्या पाहून ते म्हणाले, “हे स्टेरॉइड आहे. अंगावर चढले ते मांस नाही, सूज आहे.” एकदम बंद करणेही धोक्याचे, म्हणून हळूहळू कमी करत त्यांनी ते सोडवले. अब्बांना आम्ही आजवर हे सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाला मात्र सांगितले. वर्गात एवढी शांतता आम्ही परीक्षेतही पाहिली नव्हती.

मग एकेक चिठ्ठी घेतली. किती दिवसांत? आठ-दहा आठवड्यांत ताकद वाढल्याचे कळते, शरीर दिसायला त्याहून वेळ लागतो. स्नायू वजन उचलताना वाढत नाही, नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत वाढतो. म्हणून एका स्नायूला कष्ट दिले की दोन दिवस मोकळे सोडा. बारा वेळा सहज उचलता आले, तरच वजन थोडे वाढवा. उंची? शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, बेताने वजन उचलल्याने ती थांबत नाही. वाढीच्या वयात स्नायू फुगवायची स्टेरॉइडे घेतली, तर मात्र हाडांची टोके लवकर जुळून ती थांबू शकते. शिवाय यकृत आणि हृदय यांना धोका. रमजानमध्ये? इफ्तारनंतर किंवा तरावीह झाल्यावर, हलका व्यायाम, आणि पाणी भरपूर.

पावडर? फळ्यावर हिशेब मांडला. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. पन्नास किलोच्या मुलाला ६० ते ८० ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम, पन्नास ग्रॅम चणे १०, पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२, पेलाभर दूध ६. झाले ४० ग्रॅम. उरलेले डाळ, भाकरी आणि अधूनमधून मटण-चिकन. पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी घेतली तर एकट्या तिच्यातच २५. गामा पहिलवान १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये झिबिस्कोशी लढले, तेव्हा तो आडदांड गडी दोन तासांहून अधिक वेळ गादीला पोट लावून पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळात गामांनी त्याला मिनिटाच्या आत चीत केले. तेव्हा गामा पन्नाशीचे होते. दूध, बदाम, मांस आणि जोर-बैठका यांवर पोसलेले ते शरीर. डब्यातले नव्हे.

आमचे चाचा तालमीत जायचे. हळद, तेल, ताक घातलेल्या लाल मातीत. तिथे खलिफा आधी आखाडा खणायला लावत, मग डाव. ताकद आली की गल्लीत हात उचलायचा नाही, ही तिथली पहिली शिकवण. आजच्या जिममध्ये यंत्रे चांगली आहेत, पण मुलाला हे सांगणारा खलिफा सगळीकडे नाही.

एक चिठ्ठी उरली होती. दुबळ्या मुलाची. दंड भरायला महिने लागतात आणि मार तर आज बसतो. त्याला जोर-बैठका सांगून भागणार नव्हते. आम्ही वर्गात एवढेच म्हणालो, “ज्याने हे लिहिले, त्याने एकट्याने येऊन भेटावे.” तीन दिवस कोणी आले नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर एक मुलगा दारात उभा राहिला. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाही वर केली तेव्हा कारण कळले. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्याबरोबर त्याच्या मोहल्ल्यात गेलो आणि मारणाऱ्या मुलांच्या वडिलांना भेटलो. त्यातला एक आमचाच माजी विद्यार्थी निघाला. त्याने मान खाली घातली. मारणे थांबले.

खोका अजून वर्गात आहे. परवा एक चिठ्ठी आली : ‘सर, अंडे महंगे हैं. खाली चने चलेंगे क्या?’

आम्ही फळ्यावर लिहिले, चलेंगे. रात को भिगाके रखो.