एकवीसचा डाव

दहावीच्या गणिताच्या पुस्तकात ‘संभाव्यता’ नावाचं प्रकरण आहे. 52 पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला तर तो लाल असण्याची संभाव्यता किती, अशी उदाहरणं त्यात असतात. दरवर्षी काही मुली ती उदाहरणं घेऊन माझ्याकडे येतात. मी गणित नाही, भाषा शिकवते. पण त्यांची अडचण भाषेचीच असते. घरात पत्ते कधी आलेच नाहीत, त्यामुळे किलवर काळं की लाल हेच माहीत नसतं. मग मी फळ्यावर लिहून देते: मराठीत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, उर्दूत हुकुम, पान, ईंट, चिडी. गुलाम, राणी, राजा मिळून चित्राचे पत्ते बारा. परीक्षेपुरतं एवढं पुरतं.

पण परीक्षा संपली की पत्ते संपत नाहीत. ते मोबाईलवर येतात. भवानी पेठेत घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांची मजुरी हजारावर मोजतात. त्यातल्याच एकीचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी, मागे घरी आला होता. शाळेत आम्हाला मुलं ‘बाजी’ म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. जुगारातली बाजी वेगळी. उर्दूत तिथं जीम नसून झे असतो. मराठीत लिहिताना दोन्ही एकच दिसतात. तो म्हणाला, “बाजी, गोव्याला चाललोय दोस्तांबरोबर. आता सोलापूरहून विमान आहे. तिथं ब्लॅकजॅक खेळणार. तो नशिबाचा खेळ नाही, डोक्याचा आहे. मी सगळे व्हिडिओ बघितलेत.” मोबाईल दुरुस्तीचं दुकान भाड्यानं घ्यायला डिपॉझिट म्हणून जमवलेले वीस हजार त्याच्याकडे होते.

‘हराम आहे’ हे त्याला माहीत होतंच. मदरशात ऐकलेलं, घरात ऐकलेलं. ते पुन्हा सांगून मी काय नवीन सांगणार होते? म्हणून म्हटलं, खेळ सांग कसा आहे तो.

खेळ सोपा आहे. दोनपासून दश्शीपर्यंत पत्त्याचे तेवढेच गुण. गुलाम, राणी, राजा यांचे दहा. एक्क्याचा एक धरा नाहीतर अकरा. खेळणाऱ्याला दोन पत्ते, वाटणाऱ्याला दोन, त्यातला एक उघडा. बेरीज 21 च्या जवळ न्यायची, पण 21 ओलांडली की डाव गेला. अजून पत्ता मागायचा की थांबायचं हे खेळणारा ठरवतो. वाटणाऱ्याला मात्र मर्जी नाही. 16 पर्यंत त्याला पत्ता घ्यावाच लागतो, 17 झाले की थांबावं लागतं. जिंकलात तर शंभराला शंभर मिळतात. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला तर शंभराला दीडशे. काही टेबलांवर ते 120 च असतात. असे दोन पत्ते साधारण 21 डावांत एकदा येतात.

तो म्हणाला, “बघा, वाटणारा बांधलेला आहे आणि आपण मोकळे. मग फायदा आपलाच ना?”

मी म्हटलं, पाळी कुणाची पहिली?

खेळणाऱ्याची. सगळी गोम तिथंच आहे. तुमच्याकडे 16 आहेत आणि पत्ता मागितला. छक्कीपासून राजापर्यंत काहीही आलं की तुम्ही बाद. तेरा प्रकारच्या पत्त्यांपैकी आठ बुडवणारे, म्हणजे संभाव्यता 8/13, सुमारे 62 टक्के. दहावीचंच गणित आहे. तुम्ही बाद झालात की पैसे त्याच क्षणी उचलले जातात. नंतर वाटणाराही 21 ओलांडून बुडला, तरी तुमचे पैसे परत येत नाहीत. दोघंही बुडाले तर घर जिंकतं.

तक्ता पाठ करून, प्रत्येक वेळी अचूक निर्णय घेऊन खेळलं, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर घराचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. पण येतो घराकडेच. अंदाजानं खेळणाऱ्याचा तोटा दोन टक्के धरू. डावाला पाचशे, तासाला साठ डाव, म्हणजे तासाला तीस हजारांची उलाढाल. त्याचे दोन टक्के सहाशे. एखाद्या रात्री माणूस जिंकून उठेलही, पण खेळत राहिला की हिशेब सरासरीवर येतो.

मग त्यानं दुसरा व्हिडिओ काढला: हरलं की बाजी दुप्पट करायची, एकदा जिंकलं की सगळं वसूल. आम्ही कागदावर मांडलं. 100, 200, 400, 800, 1600, 3200, 6400. सलग सात डाव हरले की 12,700 गेले. आठव्याला 12,800 हवेत आणि हातात उरले 7,300. आणि आठवा जिंकला असता तरी सगळ्याचा नफा किती? शंभर रुपये. सात वेळा हरलो म्हणून आठव्यांदा जिंकूच, असं पत्त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

डोक्याने हा खेळ जिंकता येतो, हे एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने 1962 साली पुस्तक लिहून दाखवलं होतं. गेलेले पत्ते लक्षात ठेवायचे आणि उरलेल्यांत दहाचे पत्ते जास्त असतील तेव्हा बाजी वाढवायची. कॅसिनोवाल्यांनी काय केलं? एकाऐवजी सहा-आठ कॅट एकत्र पिसायला घेतले आणि पत्ते मोजणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवला. डोकं चालवणारा गिऱ्हाईक त्यांना नकोच असतो.

कुरआनात जुगाराला ‘मैसिर’ हा शब्द आहे. त्याचा धागा ‘युस्र’शी, म्हणजे सोपेपणाशी जोडतात: कष्टाविना, सहज हाती येणारी कमाई. सूरह बकराच्या 219 व्या आयतीत दारू आणि जुगारात लोकांना काही फायदा आहे हे नाकारलेलं नाही, पण त्यातला गुनाह फायद्याहून मोठा आहे असं सांगितलं आहे. मला ही आयत म्हणूनच आवडते. ती माणसाला हिशेब करायला सांगते.

आणि हा हिशेब सरकारांनाही कळतो. मांडवीत तरंगत्या कॅसिनोंना जागा देणाऱ्या गोव्याने फेब्रुवारी 2020 पासून स्वतःच्या रहिवाशांना तिथं खेळायला मनाई केली. पाहुण्यांना चालतं, घरच्यांना नको! महाराष्ट्राने 1976 साली केलेला, पण कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा 2023 मध्ये रद्द केला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेदही ठेवला नाही.

तो मुलगा गोव्याला गेला. “समुद्र बघून आलो,” एवढंच म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. दुकान अजून झालेलं नाही, होईल इन्शाअल्लाह.

आपल्या घरांत पत्त्यांचं नाव काढलं की वडीलधारे विषय बंद करतात. त्यांची भीती मला समजते. पण विषय बंद झाला की पोरं तो मोबाईलकडून शिकतात आणि मोबाईल पहिल्या पाळीचं कधी सांगत नाही. हराम का आहे हे कागद-पेन्सिल घेऊन दाखवता येतं. त्यासाठी पत्तेसुद्धा लागत नाहीत, दहावीचं पुस्तक पुरे आहे. ते एक प्रकरण आई-बापांनी मुलांच्या शेजारी बसून सोडवावं, एवढंच मला म्हणायचं आहे.