आईचं गंगावन

मागच्या दिवाळीनंतर आमच्या न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा गुंता साचायला लागला. वेणी बोटाएवढी झाली. इंदूरात सल्ल्यांना काय तोटा! एका काकूंनी माक्याचं तेल पाठवलं. दुसऱ्या म्हणाल्या, "नर्मदेचं सोडून बोरिंगच्या पाण्यानं नहाता, मग दुसरं काय होणार!"

तपासणीत थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन 12.2. मी निश्चिंत. पण डॉक्टरीणबाईंनी फेरिटिन करायला लावलं, ते आलं 8. म्हणाल्या, "हिमोग्लोबिन म्हणजे रोजचा पिठाचा डबा, फेरिटिन म्हणजे कोठीतला साठा. डबा भरलेला दिसतो, तोवर कोठी रिकामी होते. केसांवाचून जीव अडत नाही ना, मग शरीर तिथंच हात आखडतं." केसगळतीला इतरही कारणं असतात, लोह भरलं की केस येतीलच अशी हमी नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "पाळीत खूप जातं का? कच्चे तांदूळ, खडू, माती असं काही खावंसं वाटतं?"

मी गप्पच झाले. कच्चे तांदूळ आई खायची. सूप घेऊन निवडायला बसली की मूठमूठ तोंडात. बाबा तिला 'चिमणी' म्हणायचे आणि आम्ही भावंडं खिदळायचो. चाळिशीतच तिचे केस विरळ झाले होते. हळदीकुंकवाला निघताना गंगावन लावून अंबाडा घालायची, आरशाकडे पाठ करून. जिना चढताना मध्येच थांबायची. सगळ्यांच्या मागून जेवायची, पातेल्यात उरलं असेल ते, आणि वर लगेच कपभर चहा. चहानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक! महिन्याच्या त्या दिवसांत ती पांढरीफटक पडायची. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर चांगली कळती होते.

गोळ्या लिंबाच्या सरबताबरोबर घेते, चहा दोन तास लांब. पोट कुरकुरतं, शौचाला काळी होते (पहिल्या दिवशी घाबरलेच होते). चार महिन्यांनी फेरिटिन 34 झालं. कपाळापाशी बारीक केस उभे राहिलेत, नीट बसतच नाहीत.

आईचं गंगावन अजून स्टीलच्या डब्यात आहे.

परवा पुण्याला लेकीला फोन लावला आणि सरळ विचारलं, पाळीत किती जातं गं?

"आई, काय हे सकाळी सकाळी!" म्हणाली. मग जरा थांबून, "बरंच जातं."