गर्दीच्या दिवसांतलं कचारगड

डिसेंबर जवळ आला की घरोघरी गोव्याचा विषय निघतो, आणि त्याच दमात कुणीतरी म्हणतं, ‘फार गर्दी असते हो तिथे.’ गर्दी असतेच. २०११च्या जनगणनेत जेमतेम साडेचौदा लाख वस्ती असलेल्या त्या राज्यात २०२४ साली एक कोटीहून जास्त पर्यटक येऊन गेले. फिलिपिन्सने आपलं बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांना बंद ठेवलं, कारण हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. बार्सिलोनात २०२४च्या जुलैत रहिवाशांनी मोर्चा काढला आणि हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. गर्दीने ओसंडणाऱ्या ठिकाणी जावं की जाऊ नये, हा आता नुसता सुट्टीचा प्रश्न राहिलेला नाही.

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, पण हा प्रश्न तिथेही आहे. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, छत्तीसगडच्या हद्दीला लागून, सालेकसा तालुक्यात धनेगाव नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या मागच्या डोंगरात कचारगडची गुहा. वर्षभर शांत असलेल्या या गावात माघ पौर्णिमेला लाखांनी माणसं उतरतात आणि पुढचे काही दिवस मुक्काम करतात. गोंडी धर्माची, कोया पुनेमची, ही सर्वांत मोठी यात्रा. महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातूनही लोक येतात.

निघण्याआधी नागपुरात एका जाणकाराने सल्ला दिला, ‘यात्रेत जाऊ नका. गुहा धड बघायला मिळणार नाही. पाऊस संपला की ऑक्टोबरात जा, सगळा डोंगर तुमचाच.’ सल्ला शहाणपणाचा होता. तरी आम्ही पौर्णिमाच धरली, कारण गुहेपेक्षा गुहेकडे येणारी माणसं बघायची होती.

गोंदियाहून रस्त्याने गेलं तर अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण खरी वाट रेल्वेची. मुंबई-हावडा या मुख्य मार्गावर गोंदियानंतर आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा हे जंगलातलं छोटं स्टेशन. त्याच्या पुढचं बोरतलाव छत्तीसगडात. यात्रेच्या दिवसांत एरवी इथे न थांबणाऱ्या काही गाड्यांना थांबा मिळतो, एसटीच्या जादा बस लागतात, काळीपिवळ्या खच्चून भरून धावतात. डब्यात पिवळे दुपट्टे, पिवळे फेटे. प्रत्येक स्टेशनवर ‘जय सेवा’ हा गोंडी नमस्कार करत आणखी माणसं चढतात आणि आधीची सरकून जागा देतात. सामान सहलीचं नव्हे, मुक्कामाचं: तांदळाची पिशवी, गंज, कांबळं, सरपणाची मोळीसुद्धा.

समोरच्या बाकावर कुरखेड्याकडची एक म्हातारी बसली होती, मांडीवर तीन-चार वर्षांचा नातू. ‘याच्या बापालेबी असाच आणलो होतो,’ ती सांगत होती. एवढ्या गर्दीत लहान पोराला घेऊन त्रास होत नाही का, असं विचारल्यावर तिने जरा नवलानेच पाहिलं. ‘गर्दी कायची, भाऊ? हे तं आपलेच लोक आहेत.’

तिचं ते वाक्य पुढे दिवसभर सोबत राहिलं.

धनेगावच्या मोकळ्या मैदानात पोहोचलं की पहिल्यांदा कानांवर येतात ती वाद्यं. मांदर, ढोल, टिमकी. एकेका गावाचं नाचणारं टोळकं येतं, थोडा वेळ फेर धरतं, पुढे सरकतं. झाडांखाली तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, भात शिजत असलेला, बाजूला कुणी वांगी चिरतंय. ओळख कशी निघते तेही ऐकण्यासारखं. आपल्याकडे आडनाव आणि गाव विचारतात, इथे ‘किती देवाचे?’ असं विचारतात. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी गोंडांची कुळांची विभागणी आहे. एकाच देवसंख्येची कुळं आपसांत भाऊबंद मानली जातात, त्यांच्यात सोयरीक होत नाही. त्यामुळे या एका प्रश्नाच्या उत्तरातून समोरचा भाऊ की सोयरा, हे तिथल्या तिथे कळतं. चुलीपाशी बसलेल्या दोन घरांचं असंच बोलणं सुरू झालं, एक मंडल्याकडचं आणि एक आमगावचं. सहा देवे आणि सात देवे निघाले. दहा मिनिटांत उपवर मुलामुलींचा विषय निघाला आणि बायकांनी पदर सावरून बैठक मारली.

ही व्यवस्था लावून दिली गोंडी धर्माचा आद्य गुरू पारी कुपार लिंगोने, असं गोंडी परंपरा सांगते. कचारगडची कथा त्याचीच. कथेची रूपं गावागणिक थोडी बदलतात, पण गाभा असा: कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर प्रचंड शिळा बसवली गेली. रायताड जंगो या देवीने त्या मुलांचा कैवार घेतला, लिंगोकडे मदत मागितली. बळाने शिळा हलणार नव्हती. मग हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी छेडली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात एवढा जोर संचारला की त्यांनी आतून रेटा दिला आणि शिळा गडगडली. तिच्याखाली हिरासुका मात्र चिरडला गेला. सुटलेली ती मुलं लिंगोची शिष्य झाली आणि गोंडी धर्माची घडी बसवायला चारी दिशांना गेली.

मुक्तीच्या कथा जगात पुष्कळ आहेत. तलवारीऐवजी वाद्याने घडलेली, आणि वाजवणाऱ्याला जिवानिशी किंमत मोजायला लावणारी, विरळच. मैदानात ढोल का थांबत नाहीत, ते ही कथा ऐकल्यावर समजतं.

ही कथा कागदावर येऊनही दीडशे वर्षं उलटून गेली. नागपूरला राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंड गायकांकडून लिंगोचं दीर्घ गीत उतरवून घेतलं होतं. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्या गीतातही गोंडांना एका गुहेत कोंडलं जातं, तोंडावर मोठी शिळा ठेवली जाते आणि लिंगो त्यांना सोडवतो. त्यात ‘काचीकोपा लोहागड’ असं ठिकाणाचं नाव येतं.

ते ठिकाण म्हणजेच सालेकशाचं कचारगड, असं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोंड अभ्यासकांनी मांडलं. त्यात पुढे होते मोतीरावण कंगाली. रामटेक तालुक्यात १९४९ साली जन्मलेले, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी केलेले, आणि उरलेला सगळा वेळ गोंडी भाषा, लिपी आणि पुनेम यांना दिलेले. ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम यांच्यासारखे सोबती होते. १९८०च्या दशकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कार्यकर्त्यांनी माघ पौर्णिमेला झेंडे घेऊन हा डोंगर चढायला सुरुवात केली. कंगाली २०१५ मध्ये गेले. आज मैदानात जी अफाट माणसं दिसतात, त्यांच्या मागे ही चार दशकांची पायपीट आहे. म्हणून इथल्या गर्दीला पर्यटनाची गर्दी म्हणणं चुकीचं आहे. विखुरलेल्या समाजाने स्वतःला परत गोळा केलं, ते डोळ्यांना दिसतं ते इथे.

त्याची खूण पुस्तकांच्या दुकानांत सापडते. प्रसादाच्या आणि खेळण्यांच्या दुकानांइतकीच गर्दी तिथेही होती. राणी दुर्गावती, बिरसा मुंडा, कोमराम भीम यांच्या तसबिरी, गोंडी कॅलेंडरं, शब्दकोश, आणि लिपीची अंकलिपी. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. तेलंगणातल्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांतली लिपी वेगळी. २०१७ आणि २०१८ मध्ये या दोन्ही लिप्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे त्या आता संगणकावर लिहिता येतात. २०११च्या जनगणनेत जवळजवळ तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती अजून नाही. एक कॉलेजातली मुलगी दुकानदाराकडून स्वतःचं नाव त्या लिपीत लिहून घेत होती. कागद हातात आल्यावर तिने बोटाने एकेक अक्षर गिरवलं, मग पेन मागून घेतलं आणि खाली स्वतः लिहिलं. दुसऱ्या अक्षराला चुकली, खोडलं, परत लिहिलं. मागे रांग लागली होती, कुणी कुरकुरलं नाही.

मैदानापासून पुढे जंगलातून वाट जाते आणि मग चढ लागतो. साज, मोह, तेंदू, बांबू. साजाच्या झाडात गोंडांच्या सर्वोच्च देवाचा, बडादेवाचा, वास मानतात, त्यामुळे त्याच्या बुंध्याशी लोक थांबतात, हात जोडतात. पळस नुकता फुलू लागला होता. चढावर मात्र मुंगीलाही वाट मिळू नये अशी स्थिती. वृद्धांना पोरं हाताला धरून नेत होती, वरून उतरणारे अंग चोरून वाट देत होते. ढकलाढकली आम्ही पाहिली नाही. थांबणं मात्र पुष्कळ.

आणि मग गुहेचं तोंड. डोंगरानेच जबडा उघडावा तसं. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, फक्त आवाज वाढतो. डोळे सरावले की छताची उंची जाणवते, एका जागी वरून उजेड आत उतरतो, आणि त्या उजेडात उदबत्त्यांचा धूर. लोक तांदळाचे दाणे वाहतात, हळदीचा टिळा लावतात, गोंगो होतो, म्हणजे पूजा. नागपूरच्या जाणकाराचं म्हणणं खरं ठरलं, गुहा निवांत बघता आली नाही. काही मिनिटांत मागच्या लोकांनी पुढे सरकवलं. पण तेवढ्या मिनिटांत आतल्या एका कोपऱ्यात कुणीतरी ढोल घेतला, आणि दगडी भिंतींवरून तो आवाज असा परतला की छातीत धडधड उठली. रिकाम्या गुहेत हे मिळालं नसतं.

कचारगडची जाहिरात बहुतेक ठिकाणी ‘आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा’ अशी होते. हा दावा सोडून द्यावा. आकारमानाने जगातली सर्वांत मोठी मानली जाणारी गुहा व्हिएतनाममधली सोन डूंग आहे, म्हणजे आशियातलीही तीच. शिवाय कचारगडला या विशेषणाची गरजच नाही. घ्यायचाच असेल तर सोन डूंगपासून वेगळा धडा घ्यावा: तिथे परवाना घेऊन वर्षाला साधारण हजार माणसांनाच आत सोडतात. आपल्याकडे साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवून, आगाऊ नोंदणी घेऊन, स्थानिक गावकऱ्यांच्या समितीमार्फत व्यवस्था चालते. मर्यादा घालता येते, आणि ती गावकऱ्यांच्या हातात ठेवूनही घालता येते.

यात्रेला अशी मर्यादा घालू नये, तो लोकांचा हक्क आहे. काळजी बाकीच्या अकरा महिन्यांची आहे. दरेकशाजवळच हाजरा फॉल आहे, पावसाळ्यात तिथे सहलींची रीघ लागते. तीच मंडळी वाटेत कचारगडलाही वळणार, हे उघड आहे. एकेकाळी ‘दर्रेकसा दलम’ या नक्षली तुकडीच्या नावामुळे बाहेरचे लोक या भागाला बिचकत. ती भीती ओसरली, चांगलंच झालं. पण भीतीने अडवलेलं आता रिसॉर्ट, दिव्यांची रोषणाई आणि सेल्फी पॉइंट यांच्या रूपाने एकदम आत शिरलं, तर धनेगावच्या हाती काय उरेल? बागा-कळंगुटमध्येही आधी कोळी आणि शेतकऱ्यांचीच घरं होती. इथला विकास व्हायलाच हवा: यात्रेत पुरेसं पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृहं, कचरा खाली आणण्याची सोय, चढावर आजारी माणसाला उतरवण्याची व्यवस्था. पण गुहेत काय असावं आणि काय नसावं, हे ठरवण्याचा पहिला अधिकार तिथे माथा टेकणाऱ्यांचा.

तेव्हा जावं की न जावं? जावं, आणि माघ पौर्णिमेलाच जावं. ऑक्टोबरात गेलात तर डोंगर आणि गुहा दिसेल, कचारगड दिसणार नाही. मोटार घरी ठेवा, रेल्वेने दरेकशाला उतरा. रात्री थंडी असते, कांबळं घ्या. पाण्याची बाटली रिकामी झाली तरी परत घेऊन या. गोंगो चालू असताना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. पुस्तकांच्या दुकानावर थांबून एखादी अंकलिपी विकत घ्या. आणि कुणी ‘जय सेवा’ म्हटलं, तर तुम्हीही ‘जय सेवा’ म्हणा.