सल्ल्यांचे पाठभेद

आमच्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर, ग्रंथालयामागच्या कडुनिंबाखाली, दुपारच्या सुट्टीत एक परिसंवाद भरत असे. निमंत्रण नाही, अध्यक्ष नाही, विषयही वर्षानुवर्षे तोच. वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक, लेखा विभागातले दोन कारकून, प्रयोगशाळेतील एक सहायक आणि मराठीचा मी. "अ‍ॅव्हरेज किती देते?" या प्रश्नाने मंगलाचरण होई. त्यानंतर टायरमधील हवा, बॅटरीवर साचणारी पांढरी बुरशी, कुठल्या पंपावरचे पेट्रोल 'चांगले' आणि कुठल्या कारखान्यात गाडी देणे म्हणजे कसायाला गाय देणे, असे एकेक अध्याय उलगडत. मी या सभेत बहुतेक वेळ श्रोता असे. लोकसाहित्य शिकवणाऱ्या माणसाला एवढी जिवंत मौखिक परंपरा इतक्या जवळ, तीही फुकट, ऐकायला मिळते, याचे मला अनेक वर्षे केवळ कौतुक वाटत होते. त्या परंपरेने एकदा माझ्या घरच्यांचा जीव धोक्यात घातला, तेव्हा मी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

या सल्ल्यांचे पहिले लक्षण असे की, कोणताही सल्ला एकटा येत नाही. तो आपली गुरुपरंपरा सोबत घेऊन येतो. "आमच्या मेहुण्यांनी रेडिएटरमध्ये हळद टाकली आणि गळती थांबली." "आमच्या शेजाऱ्यांचा वायपर भर पावसात बंद पडला, ट्रकवाल्याने काचेवर तंबाखू चोळून दिली." टाकी फुटली तर अंगाचा साबण ओला करून भेगेत दाबावा, हे मी किमान चार जणांकडून, चार वेगवेगळ्या घाटांच्या नावांसह ऐकले आहे. लीळाचरित्राच्या अभ्यासकांना 'वासना' ही संज्ञा परिचित असेल. मूळ पोथी हरवल्यावर महानुभावांनी लीळा आठवणीतून पुन्हा जुळवल्या, तेव्हा अमुक लीळा कोणाच्या स्मरणात कशी राहिली, ते 'हिराइसेची वासना', 'परशरामबासाची वासना' असे नोंदले गेले. कडुनिंबाखालच्या सभेतही असेच चाले. फरक इतकाच की महानुभावांची मूळ पोथी खरोखर हरवली होती. आमची पोथी, म्हणजे गाडीबरोबर मिळणारी छापील पुस्तिका, विम्याच्या कागदांखाली डॅशबोर्डच्या खणात सुखरूप होती. ती उघडण्याची आवश्यकता कोणालाच वाटली नव्हती. मूळ ग्रंथ न वाचता टीकेवर आणि टीकेच्या टीकेवर निर्वाह करण्याची सवय केवळ विद्यार्थ्यांनाच असते, असा आपण अध्यापकांनी समज करून घेऊ नये.

माझ्यापुरती ही परंपरा आप्पांपासून, म्हणजे वडिलांपासून, सुरू होते. १९९४ साली त्यांनी मारुती ८०० घेतली. बदामी रंगाची, ७९६ सी.सी.ची, कार्ब्युरेटरवाली. त्या गाडीशी वागण्याचा एक आचारधर्म त्यांनी सिद्ध केला होता. सकाळी चोक ओढून गाडी सुरू करावी, ती 'श्वास घेईपर्यंत' थांबावे, मगच गिअर टाकावा. टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासावी. क्लचवर पाय ठेवून बसू नये. त्यांचा कान विलक्षण होता. टॅपेटचा आवाज आणि फॅनबेल्टचा आवाज ते दुसऱ्या मजल्यावरून ओळखत. मला तो कान आला नाही. मला वारशात आली ती त्यांची वाक्ये.

त्यातले सर्वांत लाडके वाक्य असे: "उतार हा देवाने दिलेला असतो, त्यावर पेट्रोल जाळू नये." घाटमाथा ओलांडला की आप्पा गाडी न्यूट्रलमध्ये टाकत, इंजिनाचा आवाज मंदावे आणि त्यांच्या चेहऱ्यावर मिळकतकराची सवलत मिळाल्यासारखे समाधान पसरे. हा सल्ला कडुनिंबाखालीही सर्वमान्य होता. वाद असलाच तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे की बंद करावे एवढाच, आणि त्यातही बंद करणारा पक्ष अल्पमतात होता.

आप्पा २००८ साली गेले. गाडी मी ठेवली, नोंदणीचे नूतनीकरणही करून घेतले. २०११च्या भाऊबिजेला आईला चिपळूणला मामांकडे न्यायचे होते. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट. आई पुढे बसली होती, मागे पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी, डिकीत फराळाचे डबे. घाटमाथा आला आणि मी, पुत्रधर्माला जागून, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

चार-पाच वळणे उतरल्यावर आई म्हणाली, "अरे, इथे एस.टी. केवढी गुरगुरायची! तुझी गाडी अशी मुकी का?"

तिला गाडी चालवता येत नव्हती, गाडीविषयी तिचे मत कोणी कधी विचारलेही नव्हते. परंतु लग्नानंतरची कित्येक वर्षे तिने हा घाट एस.टी.ने उतरला होता. खालच्या गिअरमध्ये अडवून धरलेल्या इंजिनाचा तो आवाज तिच्या कानात होता. मी हसून म्हणालो, "पेट्रोल वाचतं, आई." आणि ब्रेकवरचा पाय तसाच ठेवला.

पुढे काय झाले हे सांगायला मला आजही बरे वाटत नाही. एका वळणापूर्वी ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खाली गेला. मऊ, भिजलेल्या कापसावर पाय पडावा तसा. पुढच्या खेपेला तो जवळजवळ तळाला टेकला. मी दोनतीनदा भराभर दाबला. थोडी पकड आली, पुन्हा गेली. डाव्या हाताला दरी होती. त्या क्षणी मला पुस्तिका आठवली नाही, आप्पा आठवले नाहीत, आठवली ती गुरगुरणारी एस.टी. मी तिसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळले, गाडीला गचका बसला, वेग मोडला. मग दुसरा, मग हातब्रेक थोडाथोडा ओढत गाडी उजवीकडे डोंगराकडच्या चरात नेऊन टेकवली. समोरून कोणी आले नाही, हे नशीब. पुढच्या चाकांपाशी जळका वास येत होता.

"आत्ता कशी एस.टी.सारखी बोलली," आई म्हणाली. आम्ही का थांबलो हे तिला कळले नव्हते. मुलगी मोशनने हैराण झाली आहे, असे मी सांगितले. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता मुलीला पाणी पाजायला घेतले.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट लागू लागला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलच्या वेगाने, आम्ही पोफळीपर्यंत उतरलो आणि रस्त्याकडेच्या एका गॅरेजपाशी थांबलो. मिस्त्री सणामुळे घरी निघाला होता. तरी त्याने बॉनेट उघडले, ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले आणि आतला द्रव मला दाखवला. कोऱ्या चहाच्या रंगाचा.

"सर, हे कधी बदललं होतं?"

मला उत्तर देता येईना. इंजिन ऑइल दर पाच हजार किलोमीटरला बदलतो, हे मी अभिमानाने सांगितले. तो म्हणाला, "ते सगळेच बदलतात. हे पाणी पितं, सर. वर्षं झाली की ऑइल कमी आणि पाणीच जास्त."

'पाणीच जास्त' ही अतिशयोक्ती. पण 'पाणी पितं' हे अक्षरशः खरे आहे. ब्रेकमधला द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. नव्या डॉट-३ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर तिला आवरण्याचे सगळे काम एकट्या ब्रेकवर पडते. ब्रेक तापतात, द्रव उकळतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल निरागसपणे वर येतो. म्हणजे तासाभराने कोणाला दाखवायला गाडी नेली तर तो म्हणणार, यात तर काहीच दोष नाही.

कडुनिंबाखालच्या इतक्या वर्षांच्या चर्चेत ब्रेक ऑइलचा उल्लेख मी एकदाही ऐकला नव्हता. परत आल्यावर यावर बराच विचार केला. सल्ल्यांच्या या परंपरेला दोनच ज्ञानेंद्रिये आहेत, कान आणि खिसा. जे वाजते त्यावर सल्ला असतो, जे वाचवते त्यावर सल्ला असतो. ब्रेकचा द्रव वाजत नाही, बदलला तर अ‍ॅव्हरेज वाढत नाही, आणि न बदलल्याचे कळते ते घाटात.

चिपळूणहून परतल्यावर मी आप्पांची वही काढली. जमाखर्चाची, लांबट, कापडी पुठ्ठ्याची. पुढच्या बाजूने पेट्रोलचा हिशेब: तारीख, किलोमीटर, लिटर, दर, अ‍ॅव्हरेज. हा भाग मी अनेकदा चाळला होता. चिपळूणच्या प्रत्येक फेरीपुढे त्यांनी अ‍ॅव्हरेजच्या आकड्याखाली समाधानाची एक रेघ ओढलेली असे. वही उलटी केली तर मागच्या बाजूने 'गाडीची कामे' असा दुसरा मथळा होता, तो मी प्रथमच नीट वाचला. १९९६, गुढीपाडव्याच्या आसपास: 'ब्रेक ऑइल बदलले.' मग १९९८. मग २०००, २००२, २००४, २००६. दर दोन वर्षांनी, त्याच बारीक अक्षरात. त्यापुढे नोंद नाही. २००७पासून ते आजारी होते.

हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. लपवले असे नव्हे. त्यात सांगण्यासारखे त्यांना काही वाटले नसावे. न्यूट्रलचे तत्त्वज्ञान सांगताना चारचौघांत रंग भरे, ब्रेक ऑइल बदलण्यात कसला रंग? त्यांनी बोलून दाखवले तेवढे मी घेतले. जे नुसते करत राहिले, ते वहीच्या उलट्या बाजूला राहिले. त्याच पानांवर ब्रेक पॅड बदलल्याच्याही नोंदी होत्या, माझ्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त. एका बाजूला वाचलेले पेट्रोल, दुसऱ्या बाजूला झिजलेले पॅड. हस्ताक्षर एकच, पण दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. मीही ते केले ते पोफळीनंतरच.

पुढे ती गाडी विकली. मारुती ८००चे उत्पादनही २०१४च्या जानेवारीत थांबले. मी २०१७ साली नवी गाडी घेतली आणि यावेळी, उशिरा का होईना, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. भाषांतर म्हणून ती वाईट आहे, ग्रंथ म्हणून थोर आहे. न्यूट्रलच्या सल्ल्याचा पुढचा इतिहास मला याच सुमारास कळला. कार्ब्युरेटरच्या गाडीत उतारावर गिअर ठेवला तरी इंजिन थोडे पेट्रोल ओढतच राही, त्यामुळे आप्पांचे वाक्य हिशेबापुरते खरे होते. इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक पेट्रोलचा पुरवठा बहुधा पूर्ण तोडतो. चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल खर्चावे लागते. म्हणजे यंत्र बदलले आणि वाक्याचा अर्थ उलटा झाला. वाक्य मात्र काना-मात्रेचाही फरक न होता पुढच्या पिढीत गेले. सकाळी पाच मिनिटे गाडी 'गरम' करत बसणाऱ्यांचेही तेच. चोक जाऊन काळ लोटला, त्याचा विधी टिकून आहे.

अधिकृत सेवाकेंद्रांनी या परंपरेची जागा घ्यावी, असे मला म्हणायचे नाही. तिथल्या टाय लावलेल्या सल्लागाराने पहिल्याच सर्व्हिसिंगला माझ्यापुढे इंजिन फ्लशिंग, टेफ्लॉन कोटिंग आणि एसीचे निर्जंतुकीकरण अशी यादी ठेवली होती. गाडी तेव्हा जेमतेम हजार किलोमीटर धावली होती. अशा वेळी कडुनिंबच आठवतो. तिथला सल्ला चुकीचा असेल, पण देणाऱ्याला त्यात दलाली नसे. २०२५ साली वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास आले, तेव्हाही आमच्या निवृत्त मंडळींचे फोन सुरू झाले. अ‍ॅव्हरेज किती घटले, जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांचे काय होणार, कोणाच्या साडूला काय अनुभव आला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेजची तक्रार तरी निराधार नाही. बाकीच्या वासना आम्ही अजून नोंदवत आहोत.

आईला घाटातली गोष्ट मी शेवटपर्यंत सांगितली नाही. लेखा विभागातल्या जुन्या सहकाऱ्यांना मात्र मागच्या महिन्यात फोनवर सगळी सांगितली. पेडल, वाफ, वहीची उलटी बाजू, इंजेक्शन, सगळे. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतले. मग म्हणाले, "तत्त्वतः तुमचं बरोबर आहे, सर. पण आमचे मेहुणे आंबा घाट न्यूट्रलमध्येच उतरतात, आणि त्यांना दोनाने जास्त मिळतं."

मी विचारले, "त्यांनी ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?"

"विचारून सांगतो," ते म्हणाले. अजून त्यांचा फोन आलेला नाही.