दाराच्या सांध्यातली तार

यवतमाळचा मे महिना, अम्मीला नागपूरला दवाखान्यात न्यायचं, आणि गाडीची काच अर्ध्यावर अडकलेली. एका वर्कशॉपने थेट मोटर बदलायला सांगितली.

कळंब चौकातल्या मिस्त्रींनी आधी बटण दाबून दाराला कान लावला. म्हणाले, "मोटर फिरल्याचा आवाज आला असता, तर केबल बघितली असती. आवाजच नाही, म्हणजे बहुधा करंट पोचत नाही."

फ्यूज ठीक होता. मग त्यांनी दार आणि बॉडीमधली रबरी नळी सरकवली. दार उघडता-मिटता तार तिथेच वाकते, शेवटी तुटते. तुटलीच होती. सोल्डर करून टेप गुंडाळली. काच वर गेली.

लोक याला जुगाड म्हणतात. मी इल्म म्हणतो. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी पोरं तो गॅरेजात शिकतात; कागदावर मात्र 'शाळा सोडलेली' एवढीच त्यांची नोंद असते.